वेचणारीचा तोल

रविवारी सकाळी आम्ही विहारात वंदनेला जातो आणि दुपारी माझ्या घरात बसून राक्षस मारतो. हे वाक्य मी एकदा ऑफिसात बोलून गेलो, तेव्हापासून तिथले लोक माझ्याकडं जरा जपूनच बघतात. मानवतच्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे, चाळिशी गाठलीय, लग्न केलेलं नाही आणि खेळ खेळतो. यातलं जास्त वाईट कोणतं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

खेळ अवघड नाही, पण समजावून सांगायला लागलं की लोक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट चालवतो, तो सूत्रधार. आमच्यात तो मी. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. मी म्हणतो, समोर दरी आहे. ते म्हणतात, आम्ही उडी मारतो. उडी जमली का नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं बोलणं आणि आकडे. पात्राच्या धंद्याला इंग्रजी नियमांत ‘क्लास’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर आमचा दोन रविवार वाद चालला. ‘वर्ग’ म्हटलं की शाळा आठवते आणि ‘जात’ हा शब्द मी माझ्या टेबलावर येऊ देणार नव्हतो. शेवटी माझा मोबाईल दुरुस्तीवाला दोस्त म्हणाला, पेशा म्हणा ना, त्यात काय एवढं. भांडण मिटलं.

हा दोस्त लहानपणापासूनचा. दुसरी खेळणारी एक मैत्रीण, परभणीच्या शाळेत गणित शिकवते, म्हणून आम्ही तिला बाईच म्हणतो, आणि दर रविवारी एसटीनं येते. पेढ्याच्या रिकाम्या डब्यात तिचे फासे असतात. आम्ही तिघंच होतो आणि तिघंच राहू असं मला वाटायचं.

पुस्तकातले पेशे आम्हाला लवकरच परके वाटायला लागले. त्यात बर्फातून चालणारे योद्धे होते. आमच्याकडं बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो. मग आम्ही घरचे पेशे बनवायला लागलो आणि तिथं माझा खरा स्वभाव बाहेर आला. पेशा बनवणं सोपं आहे, हो. जो तो आपल्या मनातली सगळी हौस त्यात ओततो. अवघड आहे त्याचा तोल. दोस्तानं एक गारुडी बनवला होता, तो पुंगी वाजवली की समोरचं जे काही असेल ते झोपायचं. दोन रविवार बाकीच्यांना कामच उरलं नाही. गणिताच्या बाई शेंगा सोलत बसल्या. माझी सटकली. लाल पेन घेऊन मी त्या गारुड्याचे तीन गुण कापले, पुंगी दिवसातून एकदाच वाजेल असं लिहिलं आणि वही त्याच्यापुढं टाकली. दोस्ताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीन आठवडे त्यानं माझा फोन उचलला नाही. मीही केला नाही फार.

माझं म्हणणं एकच होतं आणि आजही आहे. प्रत्येक पेशाला एक गोष्ट अशी यावी जी दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि एक गोष्ट अशी येऊ नये जिच्यासाठी त्याला शेजारच्याचं तोंड बघावं लागेल. ज्याला कुणाचीच गरज पडत नाही तो पेशा बिघडलेला. नवा पेशा आला की मी आठवडाभर वहीत एकट्यानं लढाया लावायचो, शंभर शंभर फेऱ्या, कोण किती वेळ उभा राहतो ते मांडायचो. दोस्त मला उस्ताद म्हणायचा, पण ते कौतुकानं नव्हतं.

आता मायचं सांगतो.

माझी माय जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कामाला गेली. खुरपणी, काढणी, आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी. वेचणीत तिचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नव्हतं. दोन्ही हात दोन वेगळ्या बायांचे असावेत असे चालायचे. मला नोकरी लागली तरी ती जायचीच. मी कितीदा भांडलो, ती ऐकून घ्यायची आणि सकाळी डबा बांधून टोळीबरोबर निघून जायची. मग गेल्याच्या गेल्या वेचणीत एक दिवस ती दुपारीच घरी आली. कमरेची ओटी सोडली, कापूस ठेवायचं ते जुनं लुगड्याचं फडकं, घडी केली आणि पेटीत ठेवून दिली. त्यानंतर ती रानात गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, बस झालं. मला वाटलं गुडघे दुखत असतील. खरं सांगतो, मी खूश झालो होतो. चार लोकांत सांगत सुटलो की आईला आता मी काही करू देत नाही.

पण माय बोलायचीच थांबली. उंबऱ्यावर बसायची, रस्त्याकडं तोंड करून. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. टोळीतल्या बाया भेटायला आल्या तर आत जाऊन पडून राहायची. दवाखान्यात दाखवलं, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. वर्ष गेलं असं. घरात दोन माणसं आणि त्यातलं एक रोज थोडं थोडं कमी होतंय, हे बघत राहणं लय वाईट असतं. मला भीती वाटायची की एक दिवस मी ऑफिसातून येईन आणि उंबऱ्यावर ती बसलेली असेल, पण ती तिथं नसेल.

तो चैत्र होता. आमच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात दुपारी बसणं म्हणजे तव्यावर बसणं, म्हणून खिडकीला मी ओलं गोणपाट लावतो. मग खोलीत एक तपकिरी उजेड होतो, पंखा फिरत राहतो, गोणपाटातून ओल्या मातीसारखा वास येतो, आणि त्या उजेडात बोललेलं सगळं खरं वाटायला लागतं. त्या दिवशी मी दोघांना एका जंगलात नेलं होतं. जंगलाचं वर्णन मी जरा रंगवूनच करत होतो. इतक्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

“जमीन कशी हाय तिथली? काळी का मुरमाड?”

तिघांनीही वळून बघितलं, तर माय. मी म्हणालो, काळी. माय म्हणाली, मग उन्हाळ्यात भेगा पडल्या असतील, पाय जपून ठेवा म्हणावं. मी लगेच भेगा घातल्या. दोस्ताचा गारुडी पहिल्याच भेगेत गुडघ्यापर्यंत गेला. माय हसली. वर्षानं हसली.

पुढच्या रविवारी ती उंबऱ्यावरून बाजेवर आली, त्याच्या पुढच्या रविवारी खुर्चीवर. प्रश्न विचारायची. राक्षसाच्या गावात पाणी कुठून आणतेत, राजाची गुरं कोण राखतं, त्या मांत्रिकाची माय हाय का मेली. आणि मग तिनं विचारलं, तुमच्या या देशात माझ्यासारखं कुणी हाय का. मी वही चाळली. योद्धे होते, पुजारी होते, राजकन्या होत्या, भिकारीसुद्धा होते. तिच्यासारखं कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी त्या देशाचे नकाशे काढत होतो आणि त्यात एक कष्टाची बाई नव्हती. मला स्वतःचीच लाज वाटली.

त्या आठवड्यात मी तिच्यासाठी पेशा बनवला. नाव ठेवलं वेचणारी. तिला दोन्ही हात वेगळे चालतात, म्हणून एका फेरीत दोन कामं. तिची ओटी कधी भरत नाही. वाटेत जे सापडेल ते त्यात ठेवायचं आणि लागेल तेव्हा काढायचं. तिला पात धरता येते. पात म्हणजे टोळीतली प्रत्येक बाई रानाच्या ज्या ओळी आपल्या म्हणून धरते आणि टोकापर्यंत नेते, त्या ओळी. वेचणारीनं एकदा सरळ पात धरली की मधे कुणी तिला अडवू शकत नाही. आणि चौथा गुण मी तिच्या बोटांवरून घेतला. बोंडाची वाळलेली टोकं टोचून टोचून तिच्या बोटांची कातडी अशी झालीय की तिला टोचल्याचं कळतच नाही. म्हणून लिहिलं: वेचणारीला लहान जखम होत नाही.

या शेवटच्या ओळीनं सगळा तोल गेला होता आणि तो गेलाय हे मला लिहितानाच दिसत होतं. आमच्या खेळात बहुतेक मार लहान लहान जखमांचाच असतो. त्या होणारच नसतील तर माणूस मरणार कसा? दुसऱ्या कुणी असा पेशा आणला असता तर मी वही फाडून हातात दिली असती. पण मी शंभर फेऱ्या लावल्याच नाहीत. माय बोलायला लागली होती, मला एवढंच दिसत होतं.

आणि ती काय खेळायची! डोळे मिटून खेळायची. मी म्हणायचो नदी, आणि ती सांगायची की पलीकडच्या काठावर एक म्हातारी बसलीय, तिला कुणीतरी हात द्या. मी म्हातारीचं नावही काढलेलं नसायचं. मग ती म्हातारी असायची तिथं. तिनं सांगितलं की या देशात सगळ्यांच्या ओट्या भरल्याशिवाय दिवस मावळत नाही, आणि खरंच तिथं तसं व्हायला लागलं. पांढऱ्या रानावर ऊन अडकून राहायचं, लांबून कुणाच्या तरी बांगड्या वाजायच्या, आणि आम्ही चौघं त्या न संपणाऱ्या दुपारीतून चालत असायचो. तो देश माझ्या हातातून तिच्या हातात कधी गेला मला कळलं नाही. मला बरंच वाटत होतं.

सात रविवार झाले. दोस्ताचा गारुडी दोनदा मेला, त्यानं दोनदा नवा गारुडी केला. बाईंचा योद्धा एक हात गमावून बसला. वेचणारीला ओरखडासुद्धा नाही. कधी मोठा मार बसायची वेळ आलीच तर मी काय करायचो तेही सांगून टाकतो. सूत्रधाराचे फासे एका उभ्या गत्त्याच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या, आड पडतात, कुणाला दिसत नाहीत. सतरा पडले तर मी चार पडले म्हणायचो. गणिताच्या बाईंना हे कळलं नसतं तरच नवल. एकदा बसस्टँडवर सोडायला गेलो तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की तुझ्या आईचा पेशा बिघडलाय आणि तू फासेही खोटे सांगतोस. मी म्हणालो, राहू द्या ना, ती बोलतेय. दोस्त तर तोंडावरच म्हणाला, आपला तो बाब्या, आमची ती कार्टी. मी त्याच्यावर डाफरलो. खरं बोलणाऱ्यावरच माणूस डाफरतो.

आठव्या रविवारी आम्ही एका खिंडीत होतो. तिन्ही बाजूंनी लांडगे. बाईंचा योद्धा पडला. मग लांडगा मायवर आला, मी गत्त्याआड फासा टाकला आणि हुकला म्हणून सांगितलं. दुसरा आला, तोही हुकला. तिसरा हुकला तेव्हा मायनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. तिच्या हातातला फासा तिनं हळूच टेबलावर ठेवला, म्हणाली मी न्हाई खेळत आता, आणि उठून उंबऱ्यावर जाऊन बसली. रस्त्याकडं तोंड करून.

दोघं गुपचूप निघून गेले. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. दिवस कलला तरी ती बोलेना. पुन्हा ते वर्ष सुरू होणार, असंच मला वाटत होतं. मी विचारलं, माय, माझं काही चुकलं का. ती बोलली, माझ्याकडं न बघता.

त्या दुपारी, ज्या दुपारी ती रानातून परत आली, ती पाणी प्यायला बांधावर गेली होती. त्या साली तिचा हात मंद झाला होता, हे तिलाही ठाऊक होतं. पाणी पिऊन परत आली तर तिची पात पुढं गेलेली. दहा-बारा झाडं वेचून झालेली. आजूबाजूच्या बायांनी आपापल्या पातीतून हात लांब करून तिची झाडं वेचली होती, आणि सगळ्याजणी खाली माना घालून काही झालंच नाही अशा थाटात काम करत होत्या. आमच्याकडं टोळीत असं करतात. एखादी बाई थकली की शेजारणी तिची पात ओढून देतात, तिला कळू न देता. मायनंही कितीजणींची ओढली होती.

“म्हणून तर मला कळलं,” ती म्हणाली. “मी बी लय जणींची वडलीय. मायेनंच वडतेत. पन ज्या दिवशी आपली पात दुसऱ्यानं वडली, त्या दिवसापासून आपन कामाची बाई न्हाई, पाव्हनी. तू बी तेच करायलास.”

मी इतके दिवस लोकांना तोलाचं तत्त्वज्ञान शिकवत होतो, ज्याला कुणाची गरज नाही तो पेशा बिघडलेला म्हणून. आणि मी माझ्याच आईला अशा जागी नेऊन बसवलं होतं जिथं तिचं असणं-नसणं सारखंच. ती जिंकत नव्हती. तिला खेळायला घेतलंच नव्हतं मी.

मी तिला सांगितलं की मी पेशा पुन्हा लिहितो, खरा लिहितो.

आठवडाभर ऑफिसातून आलो की वही घेऊन बसायचो. चौथा गुण खोडला. पण बोटांचं काय करायचं? टोचल्याचं कळत नाही हे तर खरंच होतं. दोन दिवस त्यावर अडलो. तिसऱ्या दिवशी तिला भाकरी करताना बघत होतो. ओट्याशी उभी होती तोवर नीट होती. शेवटची भाकरी उतरवून खाली बसली आणि तेव्हा कुठं ती कण्हली. मग मी लिहिलं: वेचणारीला जखम होते, पण लगेच कळत नाही. ती उभी आहे तोवर चालत राहते. बसली की दिवसभराच्या सगळ्या जखमा एकदम मोजायच्या. शंभर फेऱ्या लावल्या. बाईंना फोनवर आकडे वाचून दाखवले, त्यांनी त्यांच्याकडंही मांडून बघितले. तोल जमला होता. वेचणारी आता इतरांइतकीच मरू शकत होती.

शनिवारी मायला वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं, मधे दोनदा पुन्हा वाच म्हणाली. मग म्हणाली, अजून एक लिही, बाजूची थकली तर वेचणारी तिची पात ओढील. मी म्हणालो, फुकट नाही मिळणार, दुसऱ्याची जखम घेतली तर ती तुझ्या जखमांत मोजली जाईल. ती म्हणाली, तसंच असतं ते.

त्या रविवारी मी गत्ता काढून ठेवला. माझे फासे सगळ्यांसमोर पडणार होते. ती लढाई पहिल्यापासून धरून आम्ही पुन्हा त्याच खिंडीत उभे राहिलो. माय डोळे मिटून चालत होती. लांडगे चावले, तिनं नुसतं हं म्हटलं आणि पुढं गेली. गारुडी पडायला आला तेव्हा तिनं त्याची जखम घेतली. मग बाईंच्या योद्ध्याची. मी वहीत तिच्या नावाखाली आकडे लिहीत गेलो. खिंड संपली. पलीकडं पांढरं रान होतं, ऊन तसंच अडकलेलं. दोस्त म्हणाला, मावशी, पोचलो आपण. माय म्हणाली, आता बसते जरा.

ती बसली. मी जखमा मोजल्या. तिला एकच संधी होती, बारा किंवा वर. फासा तिनं स्वतः टाकला. तो टेबलभर फिरला आणि माझ्यासमोर थांबला. मायला अक्षर येत नाही, आकडे येतात.

“पाच,” ती म्हणाली. “मेली का?”

दोस्त माझ्याकडं असा बघत होता की आज खोटं बोललास तरी माफ आहे. मी म्हणालो, हो माय, मेली. आणि मला रडू फुटलं, चाळीस वर्षांच्या घोड्याला, सगळ्यांसमोर.

माय मात्र शांत होती. डोळे अजून मिटलेलेच. चेहरा तसा, जसा वेचणीच्या दिवसांत सांजेला ओटी मोकळी करताना व्हायचा. मग ती सांगायला लागली. टोळीतल्या सगळ्या बाया आपापल्या पाती सोडून आल्यात म्हणाली. बांधावरून यायल्यात, एकामागं एक. कुणी फुलं आणलीत. पंचशील म्हणायल्यात. आणि तिनं विचारलं, खांदा कोण देतंय.

दोस्त म्हणाला, मी, मावशी. बाई म्हणाल्या, मी. माय वाट बघत राहिली.

“आन् तू कुठं हाईस?”

मी डोळे पुसून म्हणालो, माय, मी सूत्रधार आहे. मी गोष्टीच्या आत नसतो, मी फक्त सांगतो.

“मग सांगनं राहू दे,” ती म्हणाली. “खांद्याला ये.”

मी पेन्सिल ठेवली आणि उठून त्या दोघांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पुढची वाट मायनंच सांगितली, आणि आम्ही तिला घेऊन चालत राहिलो.